हृदयाचे चुंबकत्व आणि चुंबकाचा पट्टा

डिचोलीत आमच्या घरापासून चार घरे टाकून राहणारे एक गृहस्थ जवळजवळ तीस वर्षे खनिजाचा ट्रक चालवीत होते. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले आणि त्यांच्या हातातील चाक सुटले. पुढे खाणी कमीअधिक प्रमाणात सुरू झाल्या, पण तोवर त्यांचा ट्रक भंगारात गेला होता आणि वयही उलटले होते. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. थोडे थांबले की ती ओसरे. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी दादांनी एका जत्रेच्या फेरीतून चुंबकाचा पट्टा विकत आणला. रुंद कापडी पट्टा, आत शिवलेल्या आठ वाटोळ्या चकत्या आणि सोबत एक गुळगुळीत रंगीत पत्रक. माणसाचे शरीर हे एक चुंबकच आहे, त्याचे बळ मंदावले की रोग जडतात आणि बाहेरून चुंबक लावला की रक्त शुद्ध होऊन मोकळे वाहू लागते, असा त्या पत्रकाचा आशय होता. अखेरीस, परदेशातील शास्त्रज्ञांनी हृदयाचे चुंबकत्व यंत्राने मोजलेले आहे, असेही एक वाक्य होते.

"मास्तर, मनशाच्या आंगांत लोहचुंबक आसता काय ना, तें तुमी सांगात," दादांनी विचारले.

माझे शिक्षण मराठी वाङ्मयाचे. शाळेचा मुख्याध्यापक झाल्यापासून मात्र गावातील लोक मला ग्रहणापासून गुरांच्या रोगापर्यंत सर्व काही विचारतात, आणि उत्तर देण्याची खोड मलाही जडलेली आहे. "छे, छे! सारे थोतांड आहे," असे म्हणून मी मोकळा झालो. दादा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी पेडण्याला शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंपाशी सहज विषय काढला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, पत्रकातले शेवटचे वाक्य खरे आहे." मी पुरता ओशाळलो. दादांच्या मुलाने ते वाक्य आपल्या मोबाईलवर पडताळून पाहिले होते, आणि एक वाक्य खरे निघाल्यावर बाकीचा मजकूरही खरा, आणि मास्तर तेवढे अडाणी, असे त्या घराने ठरवून टाकले होते. हा लेख लिहिण्याचे मूळ कारण ते आहे. जे उत्तर त्या दिवशी द्यावयास हवे होते, ते येथे सविस्तर देतो.

या प्रश्नाशी गोव्याचे नाते जुने आहे. पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून, झगा घातलेल्या एका पाद्र्याचा पुतळा आहे. त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले आणि समोर एक स्त्री निद्रावश होऊन कोसळत असलेली. हे आबे फारिया. जन्म १७५६, बार्देशातील कांदोळी येथे. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली तेथे उभा राहिला. शाळेची सहल पणजीला नेली की मुले त्या पुतळ्यापाशी हटकून थबकतात आणि हा माणूस त्या बाईला मारतो आहे काय, असे विचारतात.

फारियांच्या तरुणपणी युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होता. प्राण्यांच्या देहांतून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो, आणि आपण तो हाताने किंवा लोखंडी कांबींनी पुन्हा वाहता करतो, असे मेस्मर सांगे. दादांच्या पत्रकात आणि या सिद्धान्तात कितीसे अंतर आहे ते वाचकांनीच पाहावे. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली चौकशीसाठी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. ज्या रुग्णांना आपल्यावर प्रयोग चालला आहे असे नुसते वाटले त्यांना झटके आले, आणि ज्यांच्यावर नकळत प्रयोग झाला त्यांना काहीच झाले नाही. द्रव कोठेही सापडला नाही. तरीही मेस्मरपंथ संपला नाही. अखेर १८१३ साली पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने देऊन आमच्या कांदोळीच्या फारियांनी सांगितले, की ही निद्रा कोणत्याही चुंबकाने येत नाही आणि निद्रा आणणाऱ्याच्या अंगीही काही दैवी शक्ती नसते. ती येते निजणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून. 'झोपा' एवढ्या एका आज्ञेने ते माणसाला निद्रावश करून दाखवीत. त्यांचा ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते वारले.

इतिहासाची गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १८२० साली, डेन्मार्कच्या अर्स्टेड या प्राध्यापकाने तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते, हे दाखवून दिले. जेथे विजेचा प्रवाह तेथे चुंबकीय क्षेत्र, हा नियम तेव्हापासून प्रस्थापित झाला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक लहर असते, मेंदूच्या पेशीही विजेच्याच भाषेत बोलतात. तेव्हा हृदयाभोवती आणि मस्तकाभोवती चुंबकीय क्षेत्र असलेच पाहिजे. फारियांनी नाकारला तो मेस्मरचा द्रव, आणि तो नाकारला हे योग्यच झाले. हे दुसरे चुंबकत्व मात्र खरे आहे. प्रश्न एवढाच, की ते किती?

आपण ज्या पृथ्वीवर उभे आहोत तिचे चुंबकीय क्षेत्र गोव्यात सुमारे चाळीस मायक्रोटेस्ला आहे. होकायंत्राची सुई फिरते ती त्याच्यामुळे. हृदयाचे क्षेत्र छातीलगत मोजले तर फार तर पन्नास ते शंभर पिकोटेस्ला भरते. पिकोटेस्ला म्हणजे एका टेस्लाचा लाख-कोटीवा भाग. हिशेब केला तर पृथ्वीच्या क्षेत्राचा चार ते आठ लाखांवा हिस्सा आपल्या छातीला मिळतो. मेंदूचे क्षेत्र त्याहूनही शेकडो पटींनी दुबळे. दादांच्या पट्ट्यातील एकेका चकतीचे बळ हृदयाच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पट होते. भर जत्रेत ढोल वाजत असताना शेजारच्या माणसाच्या मनगटावरील घड्याळाची टिकटिक ऐकावी, तसे हे मोजमाप आहे, आणि चकती छातीवर बांधणे म्हणजे त्या घड्याळाला मदत म्हणून कानाशी आणखी एक ढोल आणून ठेवणे होय.

रक्ताविषयी पत्रकात जे होते तेही येथेच निकालात काढतो. रक्तात लोह असते हे खरे, पण ते खिळ्यातील लोखंडासारखे नव्हे. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेका अणूने अडकलेले असते. लायनस पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले, की प्राणवायू घेतलेले रक्त चुंबकाकडे ओढले जातच नाही, उलट अत्यंत किंचित दूर ढकलले जाते. प्राणवायू सोडलेले रक्त किंचित ओढले जाते, तेही नाजूक उपकरणालाच कळेल एवढे. एम.आर.आय.च्या नळीत दीड टेस्लाचे क्षेत्र असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सदतीस हजार पटींहून अधिक. रोज हजारो माणसे त्या नळीत निजून येतात आणि कोणाचेही रक्त एका बाजूला गोळा होत नाही. हा दाखला मी दादांना पहिल्याच दिवशी दिला असता तर! पण तो तेव्हा मला ठाऊक नव्हता.

आता मोजमापाकडे वळतो. क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजावयाचे तर पहिला शत्रू शेजार. याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणपट्टीतच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने सुया थरथरणार आणि साठ वर्षांची नोंदमाला नासणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी हे काम अलिबागला हलविले. तेथील इमारत चुंबकाला दाद न देणाऱ्या पोरबंदरी दगडात बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मेळ घातला आणि मगच कुलाब्याच्या नोंदी बंद केल्या. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. ही सारी दक्षता पृथ्वीच्या क्षेत्रासाठी. मग त्याच्या लाखांश असलेल्या हृदयाची कथा काय सांगावी?

अमेरिकेत सिरॅक्यूज येथे बाउल आणि मॅकफी या दोघांनी १९६३ साली हृदयाचे क्षेत्र प्रथम पकडले. त्यासाठी त्यांनी तारेची दोन वेटोळी केली, एकेका वेटोळ्याला वीस लाख फेरे. शहरातील विजेच्या गोंगाटापासून दूर, मोकळ्या जागी माणसाला निजवून त्यांनी ही नोंद घेतली. ती अगदीच अस्फुट होती. पुढची मोठी पायरी डेव्हिड कोहेन यांची. एम.आय.टी.त त्यांनी चुंबकत्वाला अटकाव करणाऱ्या धातूंच्या थरांची एक खोलीच बांधली आणि १९६९च्या डिसेंबरअखेर जेम्स झिमरमन यांनी तयार केलेला स्क्विड नावाचा संवेदक तेथे आणला. ज्याच्या हृदयाची नोंद घेतली तो मनुष्य खुद्द झिमरमनच. कपड्यांवरील बटणे आणि बकले यांचा लोखंडी उपद्रव नको म्हणून ते आतल्या चड्डीनिशी खोलीत गेले. हृदयाचा आलेख इतका स्वच्छ उमटला, की नव्या विद्येचा आरंभ तेथूनच धरतात. पत्रकातील 'परदेशातील शास्त्रज्ञ' ते हेच. त्यांनी हृदयावर चुंबक बांधला नाही. चुंबकाचा कणही जवळ येऊ नये म्हणून अंगावरचे कपडे उतरविले!

स्क्विडमागील तत्त्व ब्रायन जोसेफसन या केंब्रिजच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९६२ साली सांगितले होते. त्याबद्दल १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हा संवेदक द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे शून्याखाली २६९ अंशांवर, बुडवून ठेवावा लागतो. आपल्या देशातही ही विद्या आहे. कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्क्विडवर आधारलेली हृदयाची व मेंदूची यंत्रणा स्वतः उभारली, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या चुंबकीय नोंदी घेतल्या जातात. अपस्माराचा झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात उगम पावतो हे शोधण्यास त्या उपयोगी पडतात. पण जेथे वीज गेली की शीतपेटीतील लसींचीच काळजी पडते, अशा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात उणे २६९ अंश कोण सांभाळणार?

येथे पातळ थरांचे संवेदक पुढे येतात, आणि मला या विषयाची खरी गोडी लागली ती येथे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यावर डिझेलचा इंद्रधनुषी तवंग पसरलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या तवंगाच्या शंभराव्या हिश्श्याइतके पातळ धातूचे थर निर्वात पात्रात एकावर एक बसवता येतात. त्यांची जाडी एक-दोन नॅनोमीटर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. लोखंड चुंबकाजवळ आणले की त्याचा विजेला होणारा रोध किंचित बदलतो हे केल्व्हिन यांना १८५७ सालीच ठाऊक होते, पण तो बदल फार थोडा. १९८८ साली फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे पाहिले, की लोखंड आणि क्रोमियम यांचे असे अतिपातळ थर आलटून पालटून रचले तर हा बदल कितीतरी मोठा होतो. दोघांना २००७ साली नोबेल मिळाले. १९९५ साली जपानमधील सेंदाई येथे मियाझाकी यांनी आणि अमेरिकेत भारतात शिकलेले जगदीश मुडेरा यांनी एक पाऊल पुढे टाकले. दोन चुंबकीय थरांच्या मध्ये त्यांनी वीज न वाहू देणारा एक पापुद्रा ठेवला. तो इतका पातळ, की विजेचे कण त्यातून जणू भुयार खणून पलीकडे जातात. दोन्ही थरांच्या चुंबकत्वाची दिशा एक असेल तर कण सहज पार होतात, दिशा उलट असेल तर अडखळतात. एका थराची दिशा पक्की बांधून टाकायची, दुसरा मोकळा सोडायचा. बाहेरून क्षीणसे क्षेत्र आले तरी मोकळा थर किंचित कलतो, रोध बदलतो आणि तो बदल मोजता येतो. हेलियम नको, शीतपेटी नको. घरातल्या उष्णतेत काम चालते.

हे काही परलोकीचे तंत्र नव्हे. शाळेतील जुन्या संगणकाची घरघरणारी तबकडी वाचणारे टोक याच जातीचे असते. हृदयापर्यंत पोचावयास मात्र अवधी लागला, कारण अशा संवेदकाची स्वतःचीच एक कुरकुर असते, आणि हृदयाच्या संथ गतीला ती अधिकच जाणवते. म्हणून शेकडो जोड्या एकत्र गुंफतात, क्षेत्र गोळा करून आणणारे तुकडे बाजूला बसवितात आणि अनेक ठोक्यांच्या नोंदी एकावर एक रचून सरासरी काढतात. कुरकुर पुसली जाते, ठोका उरतो. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठाने २०१५च्या सुमारास अशा रीतीने साध्या तापमानात हृदयाची नोंद घेतली. आमच्या पिढीला भजनांच्या कॅसेटींमुळे परिचित असलेली टीडीके कंपनीही टोकियोच्या वैद्यकीय विद्यापीठाबरोबर याच कामात उतरली. स्क्विडची सूक्ष्मता या थरांना अद्याप आलेली नाही. मेंदूच्या बाबतीत तर वाट बरीच लांब आहे, आणि प्रकाशाच्या साह्याने चालणारे दुसऱ्या जातीचे संवेदक तेथे त्यांना भारी प्रतिस्पर्धी आहेत.

मग एवढा खटाटोप कशासाठी? ईसीजी आहेच की! विजेचा प्रवाह हाडे, चरबी, फुप्फुसे यांतून वाट काढीत त्वचेवर येतो आणि येता येता विस्कटतो. चुंबकीय क्षेत्र शरीरातून जवळजवळ अबाधित बाहेर येते, आणि त्यासाठी अंगाला काही चिकटवावेही लागत नाही. गर्भातील बाळाच्या त्वचेवर साधारण सातव्या-आठव्या महिन्यात एक स्निग्ध लेप येतो. तो विजेला अडवतो, त्यामुळे आईच्या पोटावरून बाळाचा ईसीजी नीट मिळत नाही. फिनलंडमध्ये १९७४ साली गर्भाच्या हृदयाची चुंबकीय नोंद प्रथम घेतली गेली. चुंबकत्वाला तो लेप आडवा येत नाही. आणि ज्यांच्या हृदयाला रक्त कमी पडते पण विश्रांतीतला ईसीजी निर्दोष दिसतो, अशा रुग्णांचा तपास या मार्गाने लागेल काय, यावर संशोधन चालू आहे.

दादा नेमके या शेवटच्या प्रकारातले. पट्टा बांधून दोन महिने झाल्यावर मुलाने आग्रह केला म्हणून त्यांनी ईसीजी काढून घेतला. तो स्वच्छ आला. डॉक्टरांनी चालण्याची चाचणी करावयास सांगितले होते, पण दादांनी कागद हाती घेऊन घर गाठले आणि पट्ट्याने गुण आला असे सर्वांस सांगत सुटले. मलाही तो कागद दाखविला. माझ्या 'थोतांडा'चे ते उत्तर होते. आणखी चार महिने गेले. एका पहाटे कळ आली ती थांबेचना. दोन नळ्या घालाव्या लागल्या. जीव वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला. पट्ट्याने अपाय केला असे कोणी म्हणणार नाही. त्याने सहा महिने खाल्ले, एवढेच.

डिचोलीकर म्हणून आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कोहेन यांनी १९७३ साली दाखविले, की वेल्डिंग करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या खाणीतले कामगार यांच्या फुप्फुसांत साचलेली चुंबकीय धूळ बाहेरून मोजता येते. छातीजवळ क्षणभर मोठे क्षेत्र लावून ते काढून घ्यायचे आणि कणांत उरलेले चुंबकत्व मोजायचे. हे वाचताच माझ्या डोळ्यांसमोर ट्रकांच्या रांगा आणि लाल झालेली झाडांची पाने आली. लहानपणी आम्ही शाळेत जाताना पानावर बोटाने नावे लिहीत असू. तथापि घाई नको. आपल्याकडील खनिज मुख्यतः हेमाटाइट, आणि ते चुंबकाला जेमतेम ओळखते. फुप्फुसांना जी अधिक जाचते ती सिलिकाची धूळ तर मुळीच चुंबकीय नाही. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला खोकला असेल तर त्याला आजही क्ष-किरणच हवा. पातळ थरांच्या नावाने उद्या कोणी नवे पत्रक छापले तर एवढे ध्यानात असावे.

आइंटहोवेन यांचे ईसीजीचे पहिले यंत्र पाच माणसांनी चालवावे लागे आणि त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होते. आज ते आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते. तसे हेही होईल काय, हे आमच्या बाईंना मी विचारले. "सर, आपल्या निवृत्तीपर्यंत नाही," त्या म्हणाल्या. मला निवृत्त व्हावयास चार वर्षे आहेत.

इस्पितळातून परतल्यावर दादांनी तो पट्टा माझ्या हवाली केला. मी तो उसवून आठही चकत्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ठेवल्या. गेल्या जानेवारीत केरीच्या किनाऱ्यावर सातवीची मुले त्या कागदात गुंडाळून वाळूतून फिरवीत होती आणि काळे कण गोळा करीत होती. त्यांतला एक मुलगा दादांचा नातू. घरी जाऊन त्याने आजोबांना विचारले, हे काळे कण चिकटतात, मग तुमची लाल माती का चिकटत नाही? दादांनी त्याला माझ्याकडे पाठविले. मी त्याला बाईंकडे पाठविले.